घरचा मुलगा विकला की हिशेब जुळतो

प्रीमियर लीगमध्ये सलग तीन वर्षं खेळणारा क्लब त्या काळात जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा दाखवू शकतो. त्यापुढे गेलात की गुण कापले जातात. एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण गेले, अपिलानंतर ते ६ झाले. नियमामागचा हेतू चांगलाच आहे. मालकाच्या हौसेपायी क्लब बुडतात, हे २०१० मध्ये पोर्ट्समथ प्रशासकाच्या ताब्यात गेला तेव्हा सगळ्यांनी पाहिलंय. माझा आक्षेप हेतूला नाही, मोजपट्टीला आहे.

आधी हिशेब कसा होतो ते बघू. समजा, ८ कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. वहीत दर वर्षी फक्त १.६ कोटी खर्च पडतो, यंत्राचा घसारा काढतात तसा. करार लांबवला की वार्षिक आकडा आणखी छोटा. चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार दिला, तो या गणिताला सोयीचाच होता. पुढे युएफाने आणि मग प्रीमियर लीगने ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. एक पळवाट बुजली.

दुसरी मात्र उघडीच आहे. खेळाडू विकल्यावर नफा लगेच, एकदम जमा होतो. अकादमीत वाढलेला मुलगा विकत आणलेला नसतो, म्हणून वहीत त्याची किंमत जवळपास शून्य. विकला की आलेली जवळपास सगळी रक्कम नफा! वर अकादमीवरचा खर्च या तोट्यात धरतच नाहीत. म्हणजे तीस जूनला वर्ष संपताना खड्डा भरायचा असेल, तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे घरचा मुलगा विकणं. न्यूकॅसलने २०२४ च्या उन्हाळ्यात इलियट अँडरसनला नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे पाठवलं ते असंच. त्याचे आजोबा जेफ अॅलनही न्यूकॅसलकडून खेळलेले. गावाचा क्लब वाचवायला केलेला नियम, आणि पहिल्यांदा जातो तो गावातला पोरगा.

आमच्याकडे संशोधनात याला गुडहार्टचा नियम म्हणतात: एखादं माप गाठायचं उद्दिष्ट झालं, की ते माप म्हणून निकामी होतं. शोधनिबंध मोजायला लागलं की निबंध वाढतात, संशोधन वाढतंच असं नाही.

युएफाची नवी पद्धत वेगळी आहे: खेळाडूंवरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवा. ऐकायला समान वाटतं. पण १० कोटी उत्पन्न असणाऱ्याला ७ कोटी मिळतात, ६० कोटीवाल्याला ४२. टक्केवारी सारखी, दरी तशीच. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाला सारखेच १२० कोटी रुपये होते. समान मर्यादा म्हणजे ती. शिवाय युएफाच्या गणितातही खेळाडू विकून झालेला नफा धरला जातोच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२६-२७ पासून ८५ टक्क्यांची अशीच पद्धत स्वीकारली. सगळ्यात कमी कमावणाऱ्या क्लबच्या प्रक्षेपण-उत्पन्नाला बांधलेली, सर्वांना एकच मर्यादा घालायचा प्रस्ताव मात्र फेटाळला गेला. बुडणं टाळण्यासाठी केलेल्या नियमांना ‘न्याय्य’ म्हणायचं असेल, तर आधी तो फेटाळलेला प्रस्ताव पुन्हा टेबलावर यायला हवा.