चषकांच्या कपाटात काय नसतं?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलांकडून एक विषय हमखास येतो: 'अमुक संस्थेचा क्रीडा इतिहास'. हिंगणघाटात काय नि वर्धेत काय, साधनं हाताशी असतात: स्मरणिका, वार्षिक अंक, शारीरिक शिक्षण विभागातलं चषकांचं कपाट. विषय चांगलाच आहे. फक्त होतं असं की दोनशे पानं लिहून झाल्यावर कळतं, आपण कपाटातल्या वस्तूंची यादी केली, इतिहास लिहिलाच नाही. ही चूक कुठे होते ते बघायला एक लांबचं उदाहरण घेऊ आणि मग अमरावतीला येऊ.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ. जेझुइट पाद्र्यांनी १८५५ मध्ये काढलेली, तशी लहानच कॅथलिक संस्था. १९५० च्या दशकात तिथल्या बास्केटबॉल संघाकडे स्वतःचं धड मैदानही नव्हतं. तरी १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी अमेरिकेचं महाविद्यालयीन विजेतेपद घेतलं. सलग ६० सामने जिंकले. बिल रसेल आणि के. सी. जोन्स याच संघातले. पहिल्या पाचात तीन कृष्णवर्णीय खेळाडू होते, आणि त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १९५४ च्या डिसेंबरात ओक्लाहोमा सिटीत हॉटेलांनी या खेळाडूंना खोली नाकारली, तेव्हा अख्खा संघ एका रिकाम्या वसतिगृहात राहिला.

ही गोष्ट सांगताना एक शब्द सारखा येतो: 'दूरदृष्टी'. विद्यापीठानं भेदभाव झुगारला, वगैरे. खोटं नाही, पण अर्धंच आहे. रसेलला शाळेतून बाहेर पडताना शिष्यवृत्ती देऊ करणारं हे एकच विद्यापीठ होतं. म्हणजे बाकीच्यांनी दार लावलं म्हणून तो इथे आला. संस्थेचा इतिहास 'आम्ही दार उघडलं' असं लिहितो. संशोधकानं लावलेली दारंही मोजायला हवीत.

आता १९८२ कडे या. त्या वर्षी विद्यापीठानं आपला पुरुषांचा बास्केटबॉल संघ स्वतःहून बंद केला. संघ परत उतरला तो १९८५ मध्ये. निकालांच्या तक्त्यात मधली वर्षं कोरी आहेत. का? एका खेळाडूनं नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीवर हल्ला केल्याचा गुन्हा कबूल केला. त्याच प्रकरणात पुढे आलं की त्याला न केलेल्या नोकरीचे महिन्याला १,००० डॉलर मिळत होते. नियमभंगासाठी संघावर आधीही कारवाई झालेली होती. अध्यक्ष फादर जॉन लो शियावो म्हणाले, पुरे.

निर्णय धाडसाचा होता, यात वाद नाही. पण माझा आक्षेप तो सांगण्याच्या पद्धतीवर आहे. ही गोष्ट आज बहुतेक वेळा 'सचोटीचा आदर्श' म्हणून सांगितली जाते. म्हणजे कोरी वर्षंसुद्धा शेवटी चषकच होऊन कपाटात बसतात! अध्यक्षांना परिच्छेद मिळतो, पैशांच्या भानगडीला दोन-चार ओळी मिळतात, आणि त्या विद्यार्थिनीच्या वाट्याला उभं अर्धं वाक्य. सगळं उघडकीला आलं ते तिच्या तक्रारीमुळे. इतिहासात मात्र ती फक्त कारण म्हणून येते, माणूस म्हणून नाही. चूक कबूल करणारा इतिहाससुद्धा गौरवग्रंथ होऊ शकतो, हे इथे शिकायचं.

आता आपल्याकडे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना १९१४. विदर्भातल्या कुणालाही या नावाचा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन कबड्डी आणि इतर देशी खेळ दाखवले. हेच वाक्य अनेक लेखांत 'कबड्डी ऑलिम्पिकमध्ये खेळली गेली' असं होऊन बसतं. पण त्या ऑलिम्पिकचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोनच होते: बेसबॉल आणि ग्लायडिंग. म्हणून 'ऑलिम्पिकमध्ये' नव्हे, 'ऑलिम्पिकच्या निमित्तानं'. एका शब्दाचा फरक आहे, पण व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवेल.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. ते बर्लिन कुणाचं होतं? हिटलरच्या राजवटीनं ती स्पर्धा स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरली. गुलाम देशातून गेलेल्या तरुणांना तिथे मान मिळाला, तो कुणाच्या हातून? हे विचारल्यानं मंडळाचं मोठेपण कमी होत नाही. उलट घटना खरी वाटू लागते, कारण तिच्यात गुंता येतो. नुसता अभिमान भाषणाला पुरतो, प्रबंधाला पुरत नाही.

तेव्हा विषय बदलू नका, वाचायची रीत बदला. स्मरणिका उघडली की आधी तक्त्यातली कोरी वर्षं शोधा. त्या वर्षांचे हजेरीपट, इतिवृत्तं, खर्चाच्या वह्या, जुनी वर्तमानपत्रं बघा. मुलींचा संघ कधी सुरू झाला आणि कधी गुपचूप बंद पडला, ते विचारा. मग एक पेन्सिल घ्या आणि ज्या माणसाला सगळ्यात लहान वाक्य मिळालंय, त्याच्याखाली रेघ मारा.

गाईड विचारतील, संशोधन प्रश्न काय? ती रेघ दाखवा.