न रुजणाऱ्या फांदीचा धडा

बालभारतीच्या इयत्ता दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' (२०१८) या पुस्तकात शाकीय प्रजननावर एक छोटा परिच्छेद आहे. बटाट्याचा डोळा, पानफुटीचे पान आणि उसाचे पेर ही त्यातील उदाहरणे. तिन्ही अचूक आहेत, सहज मिळणारी आहेत आणि वर्गात करून दाखवता येतात. आमची तक्रार आहे ती त्यांच्या निवडीबद्दल. तिन्ही उदाहरणे हमखास यशाची आहेत. ती शिकलेल्या विद्यार्थ्याला वाटते, की झाडाचा कोणताही तुकडा मातीत खोचला की त्याचे रोप होते.

या तिन्हींत एक साम्य आहे, आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते. वाढीची केंद्रे तिथे आधीच तयार असतात. बटाट्याच्या डोळ्यात कळी असते, पानफुटीच्या पानाच्या कडेवर वाढीचे बिंदू असतात, उसाच्या पेरावर तर डोळ्याबरोबर मुळांचे अंकुरही असतात. फळझाडाच्या छाट कलमाचे बहुधा तसे नसते. कापलेल्या फांदीतील कँबियमलगतच्या पेशींना आपले ठरलेले काम सोडून पुन्हा विभाजन सुरू करावे लागते, तेव्हा कुठे नवी मुळे तयार होतात. अंजीर, द्राक्ष, तुती, डाळिंब यांना हे जमते. मोठ्या आंब्याच्या फांदीला ते क्वचितच जमते. कोवळ्या रोपाची फांदी त्या मानाने बरी रुजते. म्हणजे झाडाच्या वयाचाही इथे संबंध आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी मुळे फोडण्यास मदत करणारी कृत्रिम ऑक्सिने दाखवून दिली. आज त्यांची पूड रोपवाटिकांत वापरली जाते. पण तीही प्रत्येक झाडावर सारखी चालत नाही.

शिवाय फांदी फसवते. लावलेल्या काडीला साठवलेल्या अन्नावर पालवी फुटते, मुले आनंदतात, आणि साठा संपला की काडी वाळते. पालवी फुटली म्हणजे मुळे फुटली असे नव्हे, हे एक वाक्य या धड्यात असायला हवे होते.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. उरण तालुक्यातील जासईचे उदाहरण घेऊ. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, योग्य मोबदल्यासाठी झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात या परिसरातील पाच शेतकरी गोळीबारात मरण पावले, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये शेजारच्या चिर्ल्यापर्यंत अटल सेतू आला. अशा परिसरात रस्त्यासाठी वा इमारतीसाठी एखादे रायवळ आंब्याचे झाड तुटते, तेव्हा नेमके काय जाते? रायवळ झाड कोयीतून आलेले, म्हणून प्रत्येक झाड वेगळे. त्याची कोय लावली तर परागकण दुसऱ्या झाडाचे असल्याने सहसा तेच फळ परत मिळत नाही. (काही जातींच्या एका कोयीतून अनेक रोपे येतात व त्यांतील बरीचशी आईसारखी असतात, तो अपवाद.) फांदी लावली तर ती रुजत नाही. आपला धडा शिकलेला मुलगा इथे हताश होईल.

उत्तर कोकणातच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले कोय कलम हे ते उत्तर. जून ते ऑगस्टमध्ये, कोय रुजून पंधराएक दिवसांचे, तांबूस पानांचे रोप घ्यायचे. कोयीपासून पाच-सात सेंटिमीटरवर ते छाटून मधोमध उभी चीर द्यायची. हव्या त्या झाडाची, तीन-चार महिने वयाची, फुगीर डोळ्याची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. दोन्हींचे कँबियम एकमेकांना भिडले पाहिजे. इथे काडीला मुळे फोडावीच लागत नाहीत. ती उसनी मिळतात. काडी प्रौढ झाडाची असल्याने फळेही कोयीच्या झाडापेक्षा लवकर लागतात.

पुस्तकात पाने वाढवा असे आमचे म्हणणे नाही. न रुजणारे एक उदाहरण आणि 'का?' हा एक प्रश्न पुरेसा आहे. तोवर शिक्षकांनी एवढे करावे: जूनमध्ये शाळा उघडताच शेवगा, जास्वंद, तुती आणि आंबा यांच्या प्रत्येकी दहा काड्या लावाव्यात. पालवी कधी आली याची नोंद ठेवावी आणि सहा आठवड्यांनी काड्या उपटून मुळे मोजावीत. शेजारी दहा कोय कलमे बांधावीत. आंब्याच्या रकान्यात बहुधा शून्य येईल. ते शून्य फळ्यावर लिहावे, पुसू नये. खरा धडा तिथूनच सुरू होतो.