पाताळांतील चढाई

पिएर शेव्हालिए यांचा फ्रेंच ग्रंथ 1951 सालीं इंग्रजींत आला. तो आम्हीं नुकताच वाचला. आल्प्समधील शार्त्र्यूझ पर्वतांत दाँ द क्रोल डोंगराच्या पोटांतील विवरें बारा वर्षें धुंडाळून, मोजून नोंदल्याची ही हकीकत. पाताळांत उतरावयाचें सोडून तळापासून वर चढावयाचें, ही रीत प्रथम उलटीच वाटते! 1941 सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, वरची त्रू द्यु ग्लाझ गुहा गिए मॉर नदीच्या उगमाशीं जुळली. 1947 सालीं खोली 658 मीटर भरली, त्या काळीं जगांत सर्वाधिक. तो उच्चांक केव्हांच मागें पडला. दोर, शिड्या, गार पाणी यांची पुनरुक्ति कंटाळवाणी होते खरी. परंतु लेखक स्वतःचे पोवाडे गात नाहीं, हें आम्हांस विशेष वाटलें. फेर्नां पेत्झल यांसारख्या सोबत्याचें स्वभावचित्र मात्र याहून ठळक हवें होतें.