एक खेळाडू, दोन तोफा, एक खूण

संगणकावरील युद्धखेळ हा शिक्षकांच्या चर्चेचा नेहमीचा विषय नव्हे. परंतु वरच्या वर्गांतील बरेच विद्यार्थी ते खेळतात, आणि त्यांतल्या एका उणिवेत मापनाचा चांगला धडा दडला आहे. ही उणीव म्हणजे एकाहून अधिक तोफांच्या रणगाड्यांसाठी पडद्यावर दिसणाऱ्या नेमाच्या खुणा.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन ‘एम-३ ली’ हा रणगाडा घेऊ. त्याच्या धडात उजव्या बाजूला ७५ मिलिमीटरची तोफ असे. ती डावी-उजवीकडे थोडीच वळे. वरच्या फिरत्या बुरुजात ३७ मिलिमीटरची तोफ असे व ती पूर्ण वर्तुळात फिरे. दोन्ही तोफांना स्वतंत्र गोलंदाज व स्वतंत्र दुर्बिणी होत्या. खेळात मात्र या दोघांचे काम एकाच खेळाडूच्या डोळ्यांवर येते. गोंधळाचे मूळ येथे आहे.

‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ या खेळाने हा प्रश्न टाळला आहे. त्यात या रणगाड्याची ७५ मिलिमीटरची तोफ तेवढी चालते. दुसरी केवळ शोभेची. ‘वॉर थंडर’ दोन्ही तोफा चालवू देतो. ऐतिहासिक सत्याशी हे अधिक प्रामाणिक आहे. पण मग खुणेची जबाबदारीही वाढते.

ती किती वाढते, हे अकरावीच्या गणिताने पाहता येईल. सोयीसाठी मोठ्या तोफेच्या गोळ्याचा वेग सेकंदाला ६०० मीटर व लहान तोफेच्या गोळ्याचा ९०० मीटर धरू. दोन्ही नळ्या आडव्या आहेत असे समजू व हवेचा रोध सोडून देऊ. ५०० मीटर जाण्यास पहिल्या गोळ्याला ०.८३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो सुमारे ३.४ मीटर खाली येतो. दुसरा ०.५६ सेकंदांत पोहोचतो व सुमारे १.५ मीटरच खाली येतो. फरक जवळजवळ दोन मीटरांचा! म्हणजे एक गोळा रणगाड्यावर, तर दुसरा त्याच्या अलीकडे जमिनीत. एकच खूण दोन्ही तोफांबाबत खरी असू शकत नाही.

याशिवाय दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी नसल्यामुळे दृष्टिभेद येतो. शिवाय लक्ष्य फार डावीकडे गेले की धडातली तोफ आपल्या मर्यादेला अडते. तरीही खूण माउसबरोबर पुढे सरकत राहिली, तर ती तोफेची दिशा दाखवत नसून खेळाडूची इच्छा दाखवत असते. इच्छित मूल्य व प्रत्यक्ष मूल्य या दोन भिन्न राशी आहेत.

आणखी एक आक्षेप रंगाचा. गोळा चिलखत भेदील की नाही, हे असे खेळ हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांनी सुचवतात. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या मुलाला नुसत्या रंगाचा काय उपयोग? आकारही बदलायला हवा.

खुणा वाढवल्यास पडदा भरून जाईल, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु खुणांची संख्या कमी ठेवणे म्हणजे स्पष्टता नव्हे. प्रत्येक तोफेला वेगळ्या आकाराची खूण द्यावी, अडलेल्या तोफेची खूण तुटक रेषेने काढावी आणि न निवडलेल्या तोफेची फिकट करावी. एवढ्याने बरेच साधेल.

हा प्रश्न खेळापुरता नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत फिट्स व जोन्स यांनी विमानातील उपकरणे वाचताना वैमानिकांकडून झालेल्या २७० चुका तपासल्या. तीन काट्यांचा उंचीमापक वाचताना हजारो फुटांची चूक होत असे. वैमानिकाला दोष देऊन न थांबता त्यांनी तबकडीची रचना तपासली.

आपल्या प्रयोगशाळेतल्या मल्टिमीटरवर एक काटा व अनेक मापपट्ट्या असतात. विद्यार्थी चुकीची पट्टी वाचतो आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतो. त्याचे गुण कापण्याआधी एकदा ती तबकडी त्याच्या नजरेने वाचून पाहावी. कोणत्याही दर्शकाला प्रथम एकच प्रश्न विचारावा: तू नेमके काय दाखवतोस? खेळणारी मुले हा प्रश्न विचारू लागली, तर तो खेळ विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडेल.