अनारकलीला माहेर नव्हते

राजपुत्राचे एखाद्या सामान्य मुलीवर मन जडते, सारा दरबार विरोधात उभा राहतो आणि शेवटी एकतर भिंत चिणली जाते किंवा निकाह लागतो. या सांगाड्यावर किती कादंबऱ्या बेतल्या गेल्या, याची मोजदाद कोणी केलेली नाही. उर्दू डायजेस्टांमधून त्या आपल्या घरात आल्या, इंग्रजीच्या पातळ पुस्तकांमधून आल्या आणि मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा जामानिमा करूनही आल्या. बायकांनी वाचायच्या गोष्टी म्हणून समीक्षेने त्या बाजूला सारल्या. आम्हाला हे पटत नाही. ज्या गोष्टी आपल्या मुली उशीखाली ठेवून वाचतात, त्या गोष्टी आपल्याबद्दल काय सांगतात हे पाहायलाच हवे.

सुरुवात अनारकलीपासून करू. लाहोरला तिच्या नावाने ओळखली जाणारी अष्टकोनी कबर आहे. त्या वास्तूचे एकदा चर्च झाले आणि पुढे सरकारी दफ्तरखाना झाला. कबरीच्या दगडावर 1599 आणि 1615 या सालांशी जुळणारी हिजरी वर्षे कोरलेली आहेत आणि स्वतःला मजनू म्हणवणाऱ्या सलीमचे नाव आहे. एवढेच काय ते हाती लागते. जहांगीरने आपल्या आठवणी मोकळेपणाने लिहिल्या. दारू, शिकार, पक्ष्यांची पिसे, सगळे त्यात आहे, अनारकली नाही. 1611 च्या सुमारास लाहोरला आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने जी ऐकीव गोष्ट टिपून ठेवली, तिच्यात ती अकबराचीच एक बेगम आहे. मग 1922 साली इम्तियाज अली ताज यांनी उर्दूत ‘अनारकली’ नाटक लिहिले आणि कहाणीला आज आपण ओळखतो तो घाट आला. आपण दंतकथेवर लिहीत आहोत, इतिहासावर नाही, हे ताज यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकले होते. पुढे 1953 चा ‘अनारकली’ आणि 1960 चा ‘मुग़ल-ए-आज़म’ यांनी ती कबुली पुसून टाकली.

ती घडली की नाही, या वादात आम्हाला रस नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही मुलगी कुठल्या मोहल्ल्यातली? तिला आई आहे, बहीण आहे. पण त्याही महालाच्याच आश्रयाला. महालाबाहेर तिचे कोणी नाही. चुलते नाहीत, मामा नाहीत, शेजारीण नाही, पंचायत भरवणारी बिरादरी नाही. मराठीत सांगायचे तर अनारकलीला माहेर नाही. बादशहा रागावला तर तिने जायचे कुठे? जायला जागा नाही म्हणूनच तर भिंत उभी करता येते. साधी विणकराची मुलगी असती, तर तिच्या बापाने निदान विचारले असते की आमची पोर कुठे आहे. हा एक प्रश्न कोणी विचारला की कादंबरी अडखळते. म्हणून कादंबरीकार बाप ठेवतच नाही, ठेवला तर आधीच मारून टाकतो.

दुसरी खूण नावाची. महालात पाऊल टाकले की मुलीचे नाव बदलते. चित्रपटातली नादिरा बादशहाच्या तोंडून अनारकली होते. गोवळकोंड्याच्या कहाणीतली भागमती हैदर महल होते. नाव देणारा देतो तेव्हा ती बक्षिसी वाटते. पण आईने ठेवलेले नाव गेले, की मुलगी कोणाची हेही गेले. ज्या गोष्टीला आपण प्रेमविवाह समजून वाचतो, तिच्यात पहिल्या पन्नास पानांतच मुलीची ओळख खालसा झालेली असते.

भागमतीचे प्रकरण आपल्या दख्खनचे आहे म्हणून थोडे थांबू. फरिश्त्याने तिचा उल्लेख केला, तर हारून खान शेरवानींसारख्या इतिहासकाराने ती कहाणी नाकारली. आम्हाला अधिक बोलका वाटतो तो कवी वजही. 1609 साली त्याने ‘कुतुब मुश्तरी’ ही दखनी मसनवी रचली. नायक उघडच मुहम्मद कुली कुतुबशहा. आणि नायिका? बंगालची शहजादी! मुश्तरीच्या आड भागमतीच आहे, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. त्यांचे खरे असेल, तर दरबारी कवीने केले काय? मुसा नदीपलीकडच्या नाचणाऱ्या मुलीला कागदावर राजकन्या करून टाकले. सुलतानाने सामान्य मुलीवर प्रेम केलेले चालले, पण तिने सामान्य राहिलेले चालले नाही. आजचे कादंबरीकारही हेच करतात. शेवटच्या प्रकरणात जुनी पेटी उघडते, ताईत सापडतो आणि भांडी घासणारी मुलगी कुठल्याशा नवाबाची हरवलेली लेक निघते. सामान्य माणसाच्या बाजूने लिहिलेली म्हणून जी गोष्ट आपण वाचतो, ती शेवटी रक्ताचाच दाखला मागते.

याउलट जी गोष्ट खरोखर घडली, तिच्याकडे हे लेखक धीटपणे पाहत नाहीत. 1611 साली जहांगीरने मेहरुन्निसाशी निकाह केला. ती विधवा होती, एका मुलीची आई होती, तिशी उलटून गेली होती. तिचा बाप गियास बेग इराणमधून हलाखीत आला आणि कर्तबगारीने वर चढला. या बाईलाही दरबाराने नवी नावे दिली, आधी नूरमहल, मग नूरजहां. पण तिच्यामागे बाप होता, भाऊ होता, स्वतःची अक्कल होती. पुढे तिच्या नावाची नाणी पडली. ही कादंबरी कोणाला का नको? कारण लेखकांना चौतीस वर्षांची विधवा नायिका पेलत नाही. मग ते तिला मागे ओढतात, मीना बाजारात उभी करतात, हातात कबुतर देतात आणि सोळा वर्षांची करून टाकतात. विधवेशी निकाह ही आपल्याकडे खुद्द रसूलुल्लाहंची सुन्नत. तरी आपल्या कादंबरीला तिची लाज वाटते, हे नवलच.

आणखी एक गोष्ट या कादंबऱ्यांतून गायब असते, ती म्हणजे मेहर. ‘मेरी जान, माझे तख्त तुझ्या पायाशी’ हे वाक्य शंभर वेळा येते. किती मेहर ठरला, मुअज्जल की मुवज्जल, साक्षीदार कोण, मुलीकडून वली कोण उभा राहिला, हे कधी येत नाही. हा हिशेब रुक्ष आहे म्हणून गाळला, असे लेखक म्हणतील. आम्ही म्हणू, नाट्य तिथेच आहे. एका बाजूला सल्तनतीचा वारस, दुसऱ्या बाजूला अत्तरवाल्याची मुलगी, आणि काजीसमोर दोघांना एकाच कागदावर यायचे आहे. मुलीने रक्कम सांगायची आहे. तिने थोडी सांगितली तर ती स्वस्त ठरते, जास्त सांगितली तर लोभी. तिथे तिचा बाप काय बोलेल? ज्या मुलींच्या निकाहात मेहरचा आकडा पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत परस्पर ठरवतात आणि तिला नंतर कळवतात, त्या मुली हे प्रकरण श्वास रोखून वाचतील.

इंग्रजीकडे नुसती नजर टाकू. ई. एम. हल या लेखिकेची ‘द शेख’ ही कादंबरी 1919 साली आली, 1921 साली तिच्यावर चित्रपट निघाला, आणि अरब शेख व गोरी नायिका यांच्या कादंबऱ्यांचा जो पूर सुरू झाला तो मिल्स अँड बूनपर्यंत वाहत आला. त्या मूळ पुस्तकातला शेख अहमद शेवटी अरब नसतोच. इंग्रज उमरावाचा मुलगा निघतो! पुन्हा तीच पेटी, तोच ताईत. मुसलमान राजाने वाचकाला भुरळ घालावी, पण लग्न टिकण्याआधी त्याने मुसलमान असणे थांबवावे, असा तो सौदा आहे.

मराठीत हा सौदा उलटा होतो. इथे सत्ता त्यांची आणि मुसलमान ती. अर्थात मस्तानी. बाजीराव काही राजा नव्हता, पेशवा होता. पण मराठी वाचकाच्या मनात तो राजाच्या जागी आहे. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ 1972 साली आली आणि तिच्यावर आधारलेला चित्रपट 2015 साली. इनामदारांनी मराठी वाचकाला मस्तानीवर प्रेम करायला लावले, हे त्यांचे ऋण आम्ही मानतो. त्याआधी तिला कंचनी म्हणून निकालात काढणारेच जास्त होते. द. ग. गोडसे यांनी 1989 च्या ‘मस्तानी’ या पुस्तकात तिच्याभोवतीचे किटाळ झाडायचा मनापासून प्रयत्न केला. पण लोकांच्या मनातली मस्तानी अजून विड्याच्या पिकेतच अडकली आहे. विडा खाल्ला की तिच्या गळ्यातून उतरणारा लाल रस म्हणे बाहेरून दिसे. तिची कातडी सगळ्यांना ठाऊक. ती कोणती भाषा बोलत होती, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. पुण्यात तर तिचे नाव आइस्क्रीम घातलेल्या दुधाला लागले. चव उत्तम असते, तक्रार तेवढ्यापुरती नाही.

तक्रार अशी, की मस्तानीलाही माहेर नाही. ती छत्रसालाची मुलगी होती की दरबारची नाचणारी, यावर भांडण चालते. एक पक्ष तिला राजकन्या करून सोडवू पाहतो, दुसरा कलावंतीण म्हणून झटकतो. वजहीने केले तेच पुन्हा. कलावंतिणीची मुलगी असूनही तिला मान मिळायला हवा होता, असे मोकळेपणाने म्हणणारी कादंबरी आमच्या पाहण्यात आलेली नाही. आणि तिची आई, जी बहुतेक सगळ्या कथांमध्ये मुसलमान आहे, ती एका वाक्यात येऊन जाते. 1729 मध्ये बुंदेलखंडाहून दख्खनला निघालेल्या मुलीला त्या आईने काय बांधून दिले असेल?

यात दोष फक्त इतरांचा नाही. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’पासून आपल्या लेखनाने वास्तवाची कास धरली. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही मागणी खऱ्या मुस्लिम जीवनाच्या चित्रणाची होती आणि ती रास्त होती. पण त्या भरात प्रेमकथेला आपण हलकी समजलो. महाल, शहजादा, गजरे हे सगळे चित्रपटवाल्यांना देऊन टाकले. वाचकाने मात्र ते वाचणे सोडले नाही. आपल्या लेखिकांपैकी कोणी उद्या राजपुत्राची कादंबरी लिहायला घेतली, तर आम्ही नाक मुरडणार नाही. फक्त नायिकेला एक गल्ली द्यावी, तिच्या गल्लीत एक भोचक खाला असावी, आणि राजपुत्राला एकदा तरी त्या गल्लीत चप्पल काढून जमिनीवर जेवायला बसवावे.

आणि गोष्ट संपवायची घाई करू नये. बाजीराव-मस्तानीची लोकप्रिय कथा 1740 च्या एप्रिलमध्ये संपते. तो नर्मदाकाठी रावेरखेडीला गेला, तीही लवकरच गेली, पाबळला तिची कबर आहे, पडदा पडला. पण त्यांचा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याचे नाव कृष्णराव ठेवले होते असे सांगतात. मुंज काही झाली नाही आणि तो शमशेर बहाद्दर झाला. पेशव्यांच्याच घरात वाढला, पेशव्यांसाठी लढला, 1761 मध्ये पानिपतात जखमी होऊन भरतपूरला वारला. त्याचा मुलगा अली बहाद्दर बुंदेलखंडात गेला, आजीच्या मुलखात, आणि बांद्याचे नवाब घराणे उभे राहिले. त्याच घराण्यातला दुसरा अली बहाद्दर 1857 च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उतरला आणि गादी गमावून बसला. एका प्रेमप्रकरणानंतरची ही एकशे सतरा वर्षे लोकप्रिय कथेच्या हिशेबातच नाहीत. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला त्यांतले पान न पान ओळखीचे वाटेल.

शमशेर बहाद्दरचा जन्म 1734 चा. काशीबाईंचा रघुनाथरावही त्याच सालचा. एकाच बापाची, एकाच वयाची दोन मुले पेशव्यांच्या घरात वाढत होती. एकाची मुंज झाली, दुसऱ्याची झाली नाही. त्या दिवशी दुसऱ्याला घरात कोणी थांबवून ठेवले, काय सांगून समजावले, आणि पुढे नमाज त्याला कोणी शिकवली, ही कादंबरी अजून लिहायची राहिली आहे.