रेणूचे रूप आणि लिपीचे मौन

घाटकोपरातील क्षयरुग्णास दिल्या जाणाऱ्या इथॅम्ब्युटॉलच्या रेणूत दोन असममित कार्बन असतात. त्यामुळे त्याची तीन त्रिमितीय रूपे संभवतात. औषध ठरते ते ‘एस-एस’ रूप. त्याचे आरशातील प्रतिबिंब क्षयजंतूंवर जवळजवळ निष्प्रभ असते. डेव्हिड वायनिंगर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेली ‘स्माइल्स’ ही संगणकीय लिपी हा भेद एका चिन्हाने दर्शविते : पहिल्या शेजारी अणूकडून पाहता उरलेले अणू घड्याळाच्या दिशेने येतात की विरुद्ध. या लिपीचे लाघव वादातीत आहे. परंतु चिन्ह गाळले तरी ओळ ग्राह्यच राहते. मग रचना अज्ञात आहे, पदार्थ मिश्रण आहे, की लेखनात अनवधान झाले आहे, हे वाचकास कळत नाही. अज्ञान व मिश्रण यांस एकच मौन देणारी नोंद औषधसंशोधनात अपुरीच होय. तीसोबत प्रत्येक केंद्राची स्थिती शब्दांत नमूद करणे अवश्य ठरते.