शस्त्रांची प्रतिष्ठा आणि अनुवादकाची अडचण

१

इ. स. १८९१ मध्ये बेंगळुरूच्या यशवंतपूर भागात रोमन सम्राटांची चांदीची नाणी सापडली. भारतात ठिकठिकाणी मिळालेल्या ऑगस्टसच्या रौप्य नाण्यांत एक प्रकार विशेष आढळतो. त्याच्या एका बाजूस सम्राटाने दत्तक घेतलेले त्याचे दोन नातू, गायस व ल्युशियस, उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये ढाली व भाले दाखविले आहेत. ही शस्त्रे रणांगणातली नव्हेत. रोमच्या अश्वारोही वर्गाने त्या दोघा तरुणांना आपले अग्रणी मानून चांदीच्या ढाली व भाले अर्पण केले होते, त्या मानाची ती खूण आहे. दक्षिण भारतातल्या ज्या व्यापाऱ्याच्या हाती असे नाणे पडले असेल त्याने चांदी पारखून घेतली असेल यात शंका नाही. पण त्या ढालीचा मान त्याला कळला असेल असे मानणे कठीण आहे. धातू समुद्र ओलांडून आला, प्रतिष्ठा तिकडेच राहिली.

ग्रीक व रोमन वाङ्मयाच्या मराठी अनुवादकाची स्थिती या व्यापाऱ्यासारखीच असते. भाला, ढाल, धनुष्य, तरवार हे शब्द त्याच्या भाषेत तयार आहेत. त्यामुळे हा भाग सोपा, अवघड काय ते तत्त्वज्ञान आणि छंद, असा त्याचा प्रथमदर्शनी समज होतो. माझाही तसाच होता. सोफोक्लीजच्या ‘एजॅक्स’ या नाटकाचा मी केलेला कच्चा अनुवाद येथील काही मराठी स्नेह्यांच्या बैठकीत वाचून दाखवीत असता तो समज दूर झाला. एजॅक्सच्या मृत्यूनंतर त्याचा सावत्र भाऊ ट्यूसर प्रेताच्या अंत्यसंस्कारासाठी मेनेलाउसशी भांडतो, तो प्रसंग चालला होता. मेनेलाउस ट्यूसरला उपहासाने ‘धनुर्धर’ म्हणतो, असे मी भाषांतर केले होते. तेव्हा एका वृद्ध श्रोत्यांनी मला थांबवून विचारले, “अहो, इतके भांडण चालले असताना हा त्याची स्तुती का करतो आहे?”

या प्रश्नाला मजजवळ उत्तर होते, पण ते अनुवादात नव्हते. माझा शब्द कोशाच्या दृष्टीने बिनचूक होता आणि नाटकाच्या दृष्टीने साफ उलटा होता. त्या चुकीतून जे सुचले ते येथे मांडावयाचे आहे.

२

मेनेलाउसचा टोमणा समजण्यासाठी होमरच्या सृष्टीकडे पाहिले पाहिजे. ‘इलियड’मधला पहिल्या प्रतीचा वीर भाला घेऊन समोरासमोर लढतो. धनुष्य हे प्रामुख्याने पॅरिसचे शस्त्र. आणि पॅरिसने दुरून बाण मारून डायोमिडीजच्या पायाला जखम केली, तेव्हा डायोमिडीजने ‘धनुष्यवाला’ हाच शब्द त्याच्या तोंडावर फेकला. स्वतः ट्यूसर होमरमध्ये कसा लढतो ते आठव्या सर्गात पाहावे. तो एजॅक्सच्या प्रचंड ढालीमागे उभा राहतो, पुढे होऊन बाण सोडतो आणि मूल आईकडे धावावे तसा पुन्हा ढालीच्या आडोशाला येतो. ज्याला स्वतःची ढाल नाही त्याचे शौर्य दुसऱ्याच्या आश्रयाचे, असा मेनेलाउसच्या बोलण्याचा रोख आहे. ट्यूसर ढाल धरता झाला तर त्याच्या बढाईला सीमाच राहणार नाही, असेही तो पुढे सुचवितो.

आपल्याकडे हीच उतरंड नेमकी उलटी लावलेली आहे. संस्कृतात सबंध युद्धशास्त्रालाच ‘धनुर्वेद’ हे नाव मिळाले. गीतेच्या अखेरच्या श्लोकात अर्जुनाला ‘धनुर्धर’ हेच विशेषण लागले आहे आणि जेथे तो आहे तेथे विजय आहे असे सांगितले आहे. राम, अर्जुन, कर्ण, भीष्म, द्रोण यांपैकी एकाचेही चित्र आपण धनुष्यावाचून डोळ्यांपुढे आणीत नाही. ग्रीक भाषेत मात्र युद्धात पकडलेल्या कैद्याला जो रूढ शब्द आहे त्याचा मूळ अर्थच ‘भाल्याने घेतलेला’ असा आहे. एका भाषेने युद्धाची विद्या धनुष्याच्या नावे केली, दुसरीने युद्धातली गुलामगिरी भाल्याच्या नावे केली. मग एका भाषेतला ‘धनुष्यवाला’ दुसरीत तसाच उतरवू म्हटले तर तो उतरणार कसा?

हा फरक एस्किलसच्या ‘पारसिक’ नाटकात आणखी तीव्र होतो. इ. स. पू. ४७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात इराणची राजमाता अथेन्सची माहिती विचारते. तिथल्या लोकांचे शस्त्र धनुष्यबाण आहे काय, असा तिचा एक प्रश्न आहे. उत्तर मिळते की नाही. ते भाले घेऊन पाय रोवून लढतात आणि ढाली बाळगतात. लगेच पुढचा प्रश्न येतो : त्यांचा धनी कोण? उत्तर असे की ते कोणाचेही दास म्हणवून घेत नाहीत. हे दोन प्रश्न एकापाठोपाठ येतात यात कवीचा हेतू स्पष्ट आहे. जो नागरिक शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून भाला धरतो तो स्वतंत्र, आणि जी प्रजा सम्राटाच्या आज्ञेने दुरून बाण सोडते ती परतंत्र, असे समीकरण अथेन्सच्या प्रेक्षकाच्या मनात आधीच तयार होते. मराठी वाचकाला मात्र ही प्रश्नोत्तरे शस्त्रागाराच्या यादीसारखी वाटतात. किंबहुना, बिचाऱ्या अथेन्सवाल्यांना धनुर्विद्या अवगत नव्हती की काय, अशी शंकाही त्याला यावी.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हिरोडोटसने झर्क्सिसच्या सैन्याची जी गणना दिली आहे तीत हिंदी लोकांची तुकडीही आहे. त्यांच्या अंगावर सुती वस्त्रे होती आणि हातांत वेताची धनुष्ये व लोखंडी टोकांचे बाण होते, असे तो लिहितो. म्हणजे ‘पारसिक’ नाटकातला भाला ज्या धनुष्याविरुद्ध उभा आहे त्याच्या बाजूला इतिहासाने आपलीही माणसे उभी केली आहेत. हे नाटक मराठीत आणणारा अनुवादक तटस्थ राहू शकत नाही. भाषेनेच त्याला एका पक्षात घातले आहे.

३

ढालीची गोष्टही अशीच आहे. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढची ढाल म्हणजे कातड्याची किंवा पोलादाची, वर चार फुले असलेली, आतल्या दोन मुठी एकत्र पकडून एका पंजात धरण्याची. ती चपळ आहे. वार येईल तिकडे फिरते. ती धरणाऱ्या एकाच माणसाची असते. इ. स. पू. पाचव्या शतकातल्या ग्रीक नागरिक-सैनिकाची ढाल सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची, वजनदार आणि डाव्या हाताच्या कोपरापर्यंत पट्ट्यात अडकविलेली असे. तिचा डावा भाग शेजारच्या सैनिकाला झाकी. म्हणूनच, थ्युसिडिडीजने नोंदविल्याप्रमाणे, चालून जाणारी फौज नकळत उजवीकडे सरकत असे, कारण प्रत्येक जण उजव्या बाजूच्या सोबत्याच्या ढालीत शिरू पाहत असे. अशी ढाल टाकून पळणे म्हणजे शेजाऱ्याला उघडे पाडणे, आणि म्हणून तो कलंक ठरला. मराठीत ‘त्याने ढाल टाकली’ एवढेच म्हटले तर शरणागती कळते, विश्वासघात कळत नाही.

आता एजॅक्सची ढाल पाहू. होमरने ती बुरुजासारखी, सात बैलांच्या कातड्यांची व वर काशाचा आठवा थर असलेली वर्णिली आहे. सोफोक्लीज सात कातड्यांची ही जुनी ढाल घेतो आणि तिला आपल्या काळच्या सैनिकाचा, हात अडकविण्याचा शिवलेला पट्टा लावून देतो. आत्मघातापूर्वी एजॅक्स आपली बाकीची शस्त्रे आपल्याबरोबर पुरावयास सांगतो. ढाल तेवढी लहान मुलाच्या हवाली करतो. त्या मुलाचे नाव युरिसेकीस, म्हणजे ‘रुंद ढालीचा’. तरवार मात्र तो कोणालाच देत नाही. ती हेक्टरने, म्हणजे शत्रूने, भेट दिलेली. ती शत्रूच्याच भूमीत रोवून तिच्यावर तो देह टाकतो. इतरांना झाकणारी वस्तू मुलाकडे जाते आणि वैऱ्याची देणगी स्वतःच्या छातीत जाते. नाटकाचा अर्थ या वाटणीत साठविलेला आहे. ‘ढाल’ आणि ‘तरवार’ हे आपले जोडशब्द इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांतून ही वाटणी सहज निसटून जाते. अनुवादकाने येथे तरी ‘सात कातड्यांची’ हे विशेषण गाळता कामा नये आणि मुलाच्या नावाचा अर्थ संवादातच आणला पाहिजे.

चिलखताविषयी थोडक्यात सांगतो. ‘कवच’ म्हटले की कर्णाचे जन्मजात कवच आठवते आणि रामरक्षेसारख्या स्तोत्रांचे मंत्रकवचही. ‘चिलखत’ म्हटले की प्रतापगडची १६५९ सालची भेट उभी राहते. ‘उरस्त्राण’ कोणाचीच आठवण करून देत नाही, पण त्यामुळेच वाचक तेथे अडखळतो. धातूचे नावही सुखाने घेता येत नाही. होमरच्या वीरांचा झळाळ काशाचा आहे, आणि आपल्या घरात कासे म्हणजे तळपायाला तूप घासण्याची वाटी! तरीही मी ‘काशाचे उरस्त्राण’ हेच पत्करले आहे. वाचक काही पृष्ठांत त्याला सरावतो.

४

या अडचणीतून सुटण्याचा एक राजमार्ग कर्नाटकात पूर्वीच आखला गेला आहे. बी. एम. श्रीकंठय्यांनी ‘एजॅक्स’चे रूपांतर १९२९ मध्ये ‘अश्वत्थामन्’ या नावाने कन्नडात आणले. ‘पारसिकरु’ हे ‘पारसिक’चे भाषांतर पुढे १९३५ मध्ये आले. एजॅक्ससाठी अश्वत्थामा निवडण्यात मोठी मर्मदृष्टी आहे. दोघांचाही क्रोध रात्रीच्या अंधारात अविवेकाने कोसळतो. एकाचा गुरांवर, दुसऱ्याचा झोपलेल्या माणसांवर. महाभारताची सारी प्रतिष्ठा अशा रूपांतराला आयती मिळते. तथापि तिच्याबरोबर महाभारताची शस्त्रेही येतात. अश्वत्थाम्याची ख्याती दिव्य अस्त्रांची. एजॅक्सजवळ अस्त्र नाही, देवाचे साहाय्यही त्याने नाकारलेले, केवळ एक जड ढाल. रूपांतराने नायकाचे मन जवळ आणले तरी त्याच्या हातातली वस्तू बदलते. मला ती वस्तूच हवी होती, म्हणून ही वाट माझी नव्हे. तिच्याविषयीचा आदर त्यामुळे उणा होत नाही.

उरला तो वृद्ध श्रोत्यांचा प्रश्न. ‘धनुर्धर’ काढून मी प्रथम ‘तिरंदाज’ घातले; त्यात कौशल्य आले, कमीपणा आला नाही. ‘तीरकमठेवाला’ घातले; श्रोते हसले, पण शोकनाटकाच्या त्या स्थळी हसू नको होते. अखेर आपल्याच परंपरेतला एक दबलेला सूर कानी आला. झाडाआडून बाण मारल्याबद्दल मरता वाली रामाला दोष देतो. शिखंडीच्या आडून भीष्मावर सोडलेले बाण आपल्याला आजही टोचतात. धनुष्य आपण पूज्य मानले. आडोसा मात्र कधीच मानला नाही. ‘आडून बाण मारणे’ हा वाक्प्रचार मराठीत निंदेचाच आहे. मेनेलाउसच्या तोंडी आता मी ‘दुसऱ्याच्या ढालीआडून बाण मारणारा’ असे शब्द घातले आहेत.

यात काही गमावले आहे, हे मान्य केले पाहिजे. मूळ शब्द नुसता ‘धनुष्यवाला’ आहे. त्यात वर्गाची तुच्छता आहे. माझ्या शब्दांत कृत्याची निंदा आहे. शिवाय ग्रीक परंपरेलाही धनुष्य सर्वस्वी हीन नव्हते. अपोलोचे, हेराक्लीजचे, घरी ठेवून गेलेल्या ओडिसियसचे धनुष्य आहेच. आणि स्वतः सोफोक्लीजने ‘फिलोक्टेटीज’मध्ये ट्रॉयचे भवितव्यच एका धनुष्यावर टांगले. तेव्हा तुच्छता मेनेलाउसची आहे, कवीची नव्हे. पुढे अगामेम्नॉन येतो आणि ट्यूसरला ‘भाल्याने घेतलेल्या’ स्त्रीचा मुलगा म्हणून हिणवतो. आईला भाल्याने जिंकले, मुलाच्या हाती धनुष्य. दोन्ही शस्त्रांनी त्याला खालीच ठेवले. आपल्या कर्णाला रंगभूमीवर धनुष्याने जन्माच्या वर उचलले. ट्यूसरचे धनुष्य त्याच्या जन्माची साक्ष देते. तरी सारे मानी भालेकरी वाद घालीत असता भावाच्या प्रेतापाशी ठाम उभा राहतो तो हाच ढाल नसलेला माणूस. ज्याच्या आडोशाला तो आजवर लढला त्याचा आडोसा आता तो होतो.

हे मराठी श्रोत्यापर्यंत पोहोचावयाचे असेल तर आधी तो टोमणा टोमणा म्हणून लागला पाहिजे. पुढच्या बैठकीत मी तो प्रसंग पुन्हा वाचला. ते वृद्ध गृहस्थ या वेळी काही बोलले नाहीत, एवढेच म्हणाले, “आता पुढे वाचा.”